बिनसाखरेची वडी

तो ओव्हन माझा नव्हता. नागपूरच्या नणंदेनं नवा, मोठा घेतला तेव्हा जुना तिनं आमच्या गळ्यात मारला. दोन दिवस तो खोक्यातच पडून होता, कारण आमच्या आदिलाबादच्या स्वयंपाकघरात त्याला ठेवायला जागाच नव्हती. शेवटी मी मिक्सर खाली उतरवला आणि ओव्हन ओट्यावर चढवला. त्या दिवसापासून माझं डोकंही जरा वर चढलं, हे आता कबूल करते.

ओट्सची वडी मी मोबाइलवर पाहिली. केस मोकळे सोडलेली एक बाई हिंदीत सांगत होती, साखर नाही, मैदा नाही, सगळं निसर्गातलं, सगळं पौष्टिक. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. माझ्या घरात नेमका एक शुगरचा माणूस होता आणि त्या माणसाला गोडाची भयंकर आवड होती. मला वाटलं, हे तर आपल्यासाठीच पाठवलंय कुणीतरी.

शुगरचा माणूस म्हणजे माझे सासरे. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. बेला या आमच्या गावी त्यांचं किराणा दुकान होतं. गुडघे आणि शुगर दोन्हींनी मिळून त्यांना हात टेकायला लावले, तेव्हा दुकान बंद करून ते आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आले. ते वर्ष आमच्याकडे वाटण्यांचंच होतं. तेलंगण वेगळं होऊन थोडाच काळ झाला होता, आणि आता आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे करायचं चाललं होतं. माझा नवरा, म्हणजे आमच्या घरातल्या भाषेत 'हे', कलेक्टर कचेरीत कारकून. कोणता कागद कोणत्या जिल्ह्याचा, कोणतं कपाट कुठं जाणार, कोणता माणूस कुठं फेकला जाणार, यातच त्यांचा दिवस जायचा. घरी यायचे ते जुन्या बस्त्यांची धूळ अंगावर घेऊन, आणि कुणी काही विचारलं की अंगावर यायचे.

मामाजींना मात्र त्याची गंमत वाटायची. म्हणायचे, "मी तं बेल्यात एकाच गादीवर बसून राह्यलो. निजामाचा होतो, मंग हैदराबादचा झालो, मंग आंध्राचा झालो, आता तेलंगणाचा. माही गादी काही हालली नाही बाबू."

सासूबाईंचं वेगळंच होतं. त्यांच्याबरोबर बेल्याहून एक गुळाचा डबा आला होता. गावाकडे दारात कुणीही आलं की आधी गुळाचा खडा आणि गडवाभर पाणी, मग काय काम आहे ते. शहरात आल्या तरी त्यांनी ते सोडलं नाही. गॅसची टाकी आणणारा असो, मीटर पाहणारा असो, शेजारीण असो, तळहातावर गूळ पडायचाच. कुणी नको म्हटलं की त्यांचं तोंड उतरायचं. मला या गुळाची लाज वाटायची. आमच्या तेलुगू शेजारणी तो खडा हातात घेऊन हसायच्या. आता कळतं, त्या कौतुकानं हसायच्या. तेव्हा मला वाटायचं, आपल्याला गावठी समजून राहिल्या.

आणखी एक होतं. सासूबाई मामाजींना चोरून गोड द्यायच्या. हे सगळ्या घराला ठाऊक होतं. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा तुकडा पदराखाली घेऊन जाताना मीच त्यांना धरलं होतं. यांनी विचारलं तर सरळ म्हणाल्या, "देवाची आण, म्या कायी नाही देल्लं." पलंगावरून मामाजी म्हणाले, "तिनं कायी देल्लं नाही रे." आणि त्यांच्या मिशीला पुरण लागलेलं! आम्ही सगळे हसलो. हेसुद्धा हसले. पण त्याच आठवड्यात रक्त तपासलं तर शुगर वाढलेली निघाली, आणि डॉक्टरांनी पायाबियाची, डोळ्यांची भीती घातली. त्या दिवशी सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि नंतर कधी त्यांच्या हाताला चोरी शिवली नाही. दिवसभर त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात मीच असायची, त्यामुळे हे माझ्याइतकं खात्रीनं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच वेळी दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला. काय खायचं, काय खायचं नाही. तो सगळा तेलुगूत होता. आमच्या घरात तेलुगू वाचता यायचं ते फक्त यांना. मामाजी लहानपणी थोडं उर्दू आणि पुढं मराठी शिकलेले, सासूबाई शाळेत गेलेल्याच नाहीत. आणि मी पैनगंगेपलीकडची, महाराष्ट्रातली, बारावीपर्यंत सगळी मराठी शाळा. लग्न होऊन आले तेव्हा तेलुगू कानाला नवीन होती. भाजीबाजारात आणि शेजारात ऐकून ऐकून बोलायला शिकले, पण अक्षरं काही लागली नाहीत. सगळी गोल गोल, एकीसारखी दुसरी.

यांनी कचेरीत जाता जाता तो कागद माझ्या हातात दिला. "वाचून ठेव न् तसंच कर."

"हो," मी म्हटलं.

"समजते ना?"

"समजते की."

इतकी वर्षं या गावात राहून आपल्याला चार अक्षरं वाचता येत नाहीत, हे नवऱ्यासमोर म्हणायची मला लाज वाटली. बस, एवढंच. त्या एवढ्याशा लाजेतून पुढचं सगळं निघालं. संध्याकाळी "जरा वाचून दाखवा" म्हणता आलं असतं. शेजारणीकडे नेता आला असता. मी तो फ्रिजवर चुंबकानं लावला आणि येता-जाता वाचल्यासारखं पाहत राहिले. त्यात खाली चित्रं होती. साखरेच्या चमच्यावर लाल फुली मारली होती. तेवढी मला वाचता आली.

मग मी वडीला लागले. दोन वाट्या ओट्स कढईत कोरडेच भाजले, छान खमंग वास सुटेपर्यंत. वीसेक खजूर कोमट पाण्यात भिजवून, बिया काढून मिक्सरमधून काढले. दोन पिकलेली केळी कुस्करली. अर्धी वाटी गूळ किसला, तोही सासूबाईंच्या डब्यातला. दोन चमचे तूप, मूठभर तीळ, भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट, चिमूटभर मीठ, वेलची. सगळं कालवून ट्रेमध्ये थापलं आणि ओव्हनमध्ये ठेवलं. पहिल्या खेपेला खालून करपलं आणि मध्ये गचगचीत राहिलं. दुसऱ्या खेपेला गरम असतानाच कापायला गेले, त्याचा भुगा झाला. तिसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. पूर्ण गार झाल्यावर सुरी लावली, तर चौकोनी, तांबूस, कडेला कुरकुरीत आणि आत मऊ अशा वड्या पडल्या. नणंदेला फोटो पाठवला. तिनं टाळ्यांची चित्रं पाठवली. मला दोन बोटं स्वर्ग उरला.

मामाजींनी आधी नाक मुरडलं. ओट्स म्हणजे काय, हे मी त्यांना समजावलं तर म्हणाले, "म्हंजे चंदी! तालुकदाराच्या घोड्याले टाकत. आता सून मले चंदी चारून राह्यली." पण एक तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचे डोळे मिटले. पोळ्यापासून त्या माणसाच्या जिभेला गोड लागलं नव्हतं. डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, "हे मले चालते?"

"चालते मामाजी. साखरेचा कण नाही याच्यात," मी म्हटलं.

त्यांनी ते देवाच्या प्रसादासारखं मानलं. सकाळी दोन, दुपारच्या चहाबरोबर दोन, जेवणानंतर एक. मी दर तिसऱ्या दिवशी ट्रे लावायची. शेजारणींना दिली, त्यांनी कृती लिहून नेली. "शुगरच्या सासऱ्यासाठी किती करते बघा," असं माझ्या कानावर येईल इतक्या मोठ्यानं कुणी म्हटलं की मला गुदगुल्या व्हायच्या. खरं सांगायचं तर मामाजींपेक्षा त्या गुदगुल्यांसाठीच मी ट्रे लावत होते.

सासूबाई तेवढ्या बाजूला बसून बघायच्या. एक दिवस मी गूळ किसत असताना म्हणाल्या, "पोरी, गूळ टाकतं ना व तू याच्यात? न् खजूर, न् केळं. त्याईले चालते का हे सारं?"

शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईनं नेमकं विचारलं होतं. आणि मी काय म्हणावं? "आई, हे नॅचरल आहे. साखर वेगळी न् हे वेगळं. तुमाले नाही समजत त्यातलं." त्यांनी मान हलवली आणि गुळाचा डबा माझ्याकडे सरकवला. मला राग आला होता तो त्यांच्या अडाणीपणाचा नव्हता. आपल्या कौतुकात कुणी बोट घातलं, याचा होता.

दसऱ्याच्या थोडं आधी मामाजींच्या डाव्या पायाच्या करंगळीला चप्पल लागली. मुगाएवढा फोड. आठ दिवस झाले तरी सुकेना. मग काळपट दिसायला लागला. हे त्या दिवसांत नव्या जिल्ह्यांच्या याद्यांत बुडालेले, तरी अर्धा दिवस रजा टाकून आले आणि आम्ही दोघं मामाजींना दवाखान्यात घेऊन गेलो. शुगर पोळ्याच्या वेळेपेक्षाही पुष्कळ वर गेलेली होती. डॉक्टर संतापले. घरात गोड कोण देतंय यांना, असं त्यांनी तेलुगूत विचारलं. हे म्हणाले, कुणीच नाही, कागदाप्रमाणे चाललंय. तेव्हा डॉक्टरांनी तसलाच दुसरा कागद पुढं ओढला आणि एकेका ओळीवर पेन आपटत मोठ्यानं वाचलं. "बेल्लम वद्दु. खर्जूरम वद्दु. अरटिपंडु वद्दु."

वद्दु म्हणजे नको. आणि बाकीचे तीन शब्द तर मी रोज बाजारात बोलत होते. बेल्लम म्हणजे गूळ, खर्जूरम म्हणजे खजूर, अरटिपंडु म्हणजे केळं. महिनाभर ते माझ्याच फ्रिजवर, माझ्या नाकासमोर लटकत होते. खुर्चीचा हात धरून मी बसून राहिले. तेव्हाच बोलायला हवं होतं. डॉक्टर समोर होते, नवरा शेजारी होता, आणि चूक अजून नुसती चूक होती.

परत येताना रिक्षात हे एकच वाक्य बोलले. "मायच देऊन राह्यली असंन." रिक्षाचा आवाज मोठा होता, मामाजी मध्ये बसले होते, अशी कारणं मी नंतर मनाशी पुष्कळ गोळा केली. त्यातलं एकही खरं नाही. मला भीती वाटली, एवढंच खरं आहे. कागद वाचता येत नव्हता हे सांगावं लागलं असतं, आणि शेजारपाजारात मिरवलेली वडी तोंडावर आपटली असती.

घरी आलो तेव्हा सासूबाई बाहेरच्या खोलीत अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"माय, खरं सांग. काय देऊन राह्यली तू याइले?"

"म्या? कायी नाही रे बाबू. पोळ्यापासून हात नाही लावला."

"शुगर काऊन वाढली मंग?"

"देवाची आण. म्या कायी नाही देल्लं."

"पोळ्यालेबी आण घेतली होती तू."

पलंगावर टेकता टेकता मामाजी म्हणाले, "तिनं कायी देल्लं नाही रे." अगदी तेच शब्द, पोळ्याचेच. या खेपेला कुणी हसलं नाही. त्या शब्दांनी त्यांनी बायकोला वाचवायला पाहिलं आणि पुरती बुडवली.

मग सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, उलट धीर आला होता त्यांना. "तिले इचार ना. ती दिवसभर माह्यासंगच असते घरात. सांग व पोरी, म्या देल्लं का काही?"

हे माझ्याकडे वळले. "तू पाह्यलं का?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. नाही, त्यांनी काही दिलं नाही, मी पाहते ना. वडीबद्दल न बोलताही हे म्हणता आलं असतं. पण मला वाटलं, त्यांनी दिलं नाही म्हटलं तर मग दिलं कुणी, हा प्रश्न सरळ माझ्याकडे येईल. मी म्हटलं, "मी काय चोवीस तास थोडीच पाहते. मले नाही माहीत."

सासूबाईंच्या हातातली अंबाडीची काडी तशीच हातात राहिली. यांनी तेवढ्यात टेबलावरची वड्यांची ताटली उचलली आणि त्यांच्यासमोर धरली. "हे पाह्य. सून परकी असून साखर न टाकता खपून करून घालते. न् तू सोताच्या नवऱ्याच्या जिवावर उठली." मी मान खाली घातली. यांना वाटलं असेल, बिचारी सासूसाठी ओशाळली. यांनी गुळाचा डबा नेऊन लोखंडी कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

त्या दिवसापासून मी वडी केली नाही. ओव्हन बिघडला म्हणून सांगितलं. मामाजींनी दोनदा विचारलं, मग नाद सोडला. त्यांची करंगळी मात्र वाचली नाही. दसरा होऊन गेल्यावर ती काढून टाकावी लागली. मी दवाखान्याच्या बाकावर बसून देवाला म्हणत होते, पाय राहू दे, एवढा पाय राहू दे. पाय राहिला. जखम हळूहळू भरली, आणि पुढच्या तपासणीत शुगर चांगलीच खाली आली. डॉक्टर खूश झाले. यांनी घरी येऊन तो कागद सासूबाईंपुढे ठेवला. "पाह्य माय. गूळ कुलपात टाकला न् शुगर उतरली. आता तरी कबूल कर."

पुरावा चोख होता. वडी बंद झाल्यामुळे शुगर उतरली, हे जगात फक्त मला माहीत होतं. माझं गप्प राहणं आणि मामाजींचं बरं होणं दोन्ही मिळून त्या बाईला खोटं ठरवत होतं. मी त्यांना त्या दिवसांत खूप जपलं. गरम पोळी आधी त्यांना वाढायची, पाय चेपून द्यायची. लोक पुन्हा माझंच कौतुक करायचे, आणि तेव्हा मला स्वतःची किळस यायची.

जिल्ह्यांची वाटणी झाली आणि हे नव्या आसिफाबाद जिल्ह्याच्या वाट्याला गेले. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेची बस धरायचे. जाताना कपाटाची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. सासूबाईंना माझ्याकडे गूळ मागावा लागेल, अशी ती व्यवस्था. त्यांनी कधी मागितला नाही.

एक दिवस बेल्याहून त्यांचे जुने शेजारी मोटरसायकलवर मामाजींना भेटायला आले. वयस्कर शेतकरी माणूस, कापूस विकायला शहरात आले होते. सासूबाईंनी गडव्यात पाणी आणून ठेवलं. त्या माणसानं सवयीनं तळहात पुढे केला. जन्मभर त्या घरात पाण्याआधी गूळ मिळालेला. तो हात तसाच पुढे राहिला. सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "गूळ सरला जी." पाहुण्यांनी हात मागे घेतला आणि नुसतं पाणी प्यायले. कपाटात दीड-दोन किलो गूळ होता आणि किल्ली माझ्या कमरेला होती. पण उठून कुलूप उघडलं असतं तर पाहुण्यानं विचारलं असतं, गुळाला कुलूप कशाला? मी उठले नाही. ज्या गुळाची मला लाज वाटायची तो त्या घरातून गेला होता, आणि मला तिथं बसवत नव्हतं.

त्यानंतर सासूबाई बदलत गेल्या. आधी गप्प झाल्या, मग आपल्याआपल्याशी पुटपुटायला लागल्या. एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आताशी मले याद नाही राहात व. देल्लं असंन मीच कधी. नाहीतं कशी वाढते शुगर?" मी तव्यावरची भाकरी उलटत होते. मी म्हटलं, "जाऊ द्या ना आई आता." काय साधं, सोयीचं वाक्य! ते त्यांच्यासाठी नव्हतंच, माझ्यासाठी होतं. एक खरी गोष्ट एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यातून माझ्या डोळ्यांदेखत पुसली जात होती आणि ती पुसली गेली तर माझी सुटका होणार होती. मला तेव्हा बरं वाटलं, हे लिहिताना हात जड होतो, पण वाटलं.

संक्रांतीला हे घरी आले होते. मीच यांच्या मागे लागून गूळ बाहेर काढवला. सणाला तिळगूळ तरी होऊ द्या म्हटलं. दरवर्षी पाक सासूबाईच करायच्या. त्यांच्या हातचा पाक कधी फसला नाही. मी परात पुढं ठेवली तर त्या मागे सरकल्या.

"माह्या हातानं नोको."

"काऊन आई?"

त्या उठल्या आणि बाहेरच्या खोलीत गेल्या. मामाजी पाय लांब करून बसले होते, हे शेजारी पेपर वाचत होते. सासूबाई खाली बसल्या, मामाजींच्या डाव्या पावलावर, जिथं बोट नव्हतं तिथं, हात ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, "माह्याच हातानं झालं बाबू. म्याच देल्लं असंन. मले माफ कर."

मामाजी म्हणाले, "अव काय बोलून राह्यली तू? तू नाही देल्लं." त्यांचं तर आधीच कुणी ऐकत नव्हतं. यांचे डोळे भरले. ते वाईट माणूस नाहीत, त्या वर्षानं त्यांना कातावलं होतं. आईचे दोन्ही हात धरून म्हणाले, "जाऊ दे माय. झालं ते झालं. बाबा बरे आहेत ना आता." आणि सगळं मिटलं. न केलेल्या गोष्टीची माफी मिळून त्या आत आल्या, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. तो मोकळा चेहरा मात्र मला बघवला नाही.

मी गॅस बंद केला. "आई, तुमी नाही दिलं काही," मी म्हटलं. "ती वडी होती. गूळ, खजूर, केळं, सारं त्याच्यात होतं. मीच घालत होते मामाजींना. तो कागद मले वाचताच येत नव्हता. डॉक्टरनं वाचला तवाच मले समजलं होतं, आणि तरी मी बोलले नाही. तुमचा काही दोष नाही." एका दमात, दबक्या आवाजात सगळं सांगितलं. सांगता सांगता मी रडायला लागले.

त्यांनी जवळ येऊन पदरानं माझं तोंड पुसलं. "येडी झाली का व? त्याच्यात तं साखर नव्हती, तूच सांगे. माह्यावरचं वझं सोताच्या डोक्यावर घेऊन राह्यली तू. नोको असं खोटं बोलू. सणाच्या दिवशी नोको."

"खरं सांगते आई."

"मले समजत नाही का?" आणि त्या हसल्या. किती तरी दिवसांनी हसल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी परात स्वतःकडे ओढली.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. हे चार हातांवर बसलेले होते. त्यांना जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. कागद वाचता येणारं घरात तेच एक माणूस, एकदा नीट आठवलं असतं तर सगळं त्यांच्या ध्यानात आलं असतं, आणि सासूबाई त्याच दिवशी सुटल्या असत्या. हे मला तेव्हा लख्ख कळत होतं. जिला आता खरं वाटूच शकत नव्हतं, नेमकं तिलाच खरं सांगून मी मोकळी झाले होते.

मी डोळे धुतले आणि चहा घेऊन बाहेर गेले. मागून सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "सून नाही रे बाबू, पोरगी देल्ली देवानं मले." यांनी कप हातात घेतला आणि कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं का, माय काय म्हणून राह्यली?"

"ऐकलं," मी म्हटलं.